प्रार्थनाघराच्या खणातला शिक्का

मी एक जुना, लाकडी मुठीचा शिक्का आहे, मित्रांनो. वय विचाराल तर एकतीस वर्षे. या वयात शिक्क्याने शाईच्या गादीशेजारी स्वस्थ पडून राहावे, पण मला आताशा स्वस्थता म्हणून नाही. एका कागदावर मी वेळेवर उमटायला हवा होतो आणि उशिरा उमटलो. ती गोष्ट माझ्या रबरात रुतून बसली आहे. तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथला कारागीर डोळ्याला भिंग लावून दिवसभर उलटी अक्षरे कोरत बसे. "यांना आता वर्तमानपत्रसुद्धा आरशात धरून द्यावं लागतं," अशी त्याची बायको त्याची थट्टा करी. त्याने माझ्या गोल कडेवर जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचे नाव कोरले आणि मधोमध दिवस, महिना व वर्ष यांच्या तीन फिरत्या पट्ट्या बसवल्या. मला हातात तोलून तो म्हणाला, "जा रे. आता तुझ्याशिवाय गावात कुणी जन्मला तरी जन्मणार नाही आणि मेला तरी मरणार नाही." तेव्हा मला या बोलण्याचा अभिमान वाटला होता.

आमची कचेरी एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. माझ्यासारखा दुसरा शिक्का तिथे नव्हता. गेली बावीस वर्षे मी ज्यांच्या हाताखाली आहे, त्या कारकून बाईंना सारे गाव नोंदबाई म्हणत असे. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी त्या अंगठ्याच्या नखाने माझी दिवसाची पट्टी पुढे सरकवीत. शाई सुकली असेल तर मला तोंडाजवळ धरून 'हाऽ' असा ऊबदार श्वास सोडीत. मग दिवसभर काम चाले. एकदा एक नवा बाप मुलीचे ठरलेले नावच विसरला आणि रस्त्याकडच्या खिडकीतून डोके बाहेर काढून तीन मजले खाली उभ्या असलेल्या मेहुणीला ओरडून विचारू लागला. रांगेतली माणसे हसून लोटपोट झाली. मृत्यूच्या कागदावर उमटवताना मात्र नोंदबाई मला हलकेच टेकवीत. आवाज होऊ देत नसत.

नोंदबाई भाविक होत्या. त्यांच्या दोन्ही मुलांची नावे रस्त्यापलीकडच्या प्रार्थनाघरात, तिथल्या गुरुबाबांच्या हातून ठेवली गेली होती. पण खिडकीपाशी आलेल्या माणसाला, तुम्ही प्रार्थनेला कुठे जाता की जातच नाही, हे त्यांनी बावीस वर्षांत एकदाही विचारले नाही. अर्जात तो रकानाच नव्हता.

इमारतीची लिफ्ट माझ्याहूनही म्हातारी होती आणि ती फक्त एका माणसाचे ऐके. तो माणूस म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक, लिफ्टवाले नाना. काम झाले की तेलकट हात पुशीत ते आमच्या खिडकीशी पाणी प्यायला येत. एकदा गुरुबाबाही काही कामाने तिथे उभे होते.

"नाना, एकदा तरी आमच्याकडे या," गुरुबाबा म्हणाले. "वर जायचा रस्ता आमच्याकडेही आहे."

"असेल की. पण बाबा, तुमच्या रस्त्याचा दोर कोण तपासतं? माझा मी दर महिन्याला तपासतो."

दोघेही मनापासून हसले. हे मुद्दाम सांगतो, कारण गुरुबाबा वाईट माणूस नव्हते. वाईट असते, तर मला हे सारे समजून घेणे सोपे गेले असते.

नाना निवृत्त झाले आणि वर्षभरात लिफ्ट अडकली ती अडकलीच. अर्जावर अर्ज गेले. वरून प्रत्येक वेळी 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर आले. एक आजी नातवाच्या दाखल्यासाठी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसल्या. त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यावे लागले. त्याच संध्याकाळी गुरुबाबा मोठ्या साहेबांना भेटले. "आमच्या तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. पंखे आहेत, बाकं आहेत. नामविधीला, अंत्यविधीला माणसं तशीही आमच्याकडे येतात. नोंदणीचं टेबल तिथे ठेवा की. लोकांचे पाय वाचतील."

साहेबांनी आदेशावर सही केली. नोंदबाई जराशा घुटमळल्या. आमच्या कचेरीतले शिपाईमामा म्हणाले, "बाई, आता कसला विचार? तुमचेच गुडघे दुवा देतील." खरेच होते ते. बाईंनी मला रुमालात गुंडाळले आणि रस्ता ओलांडून स्वतःच्या हाताने प्रार्थनाघराच्या टेबलावर ठेवले.

पहिला महिना सुखाचा गेला. लोक दुवा देत होते. भल्या मोठ्या नोंदवह्या मात्र वरच होत्या, म्हणून बाई सकाळी खाली बसत आणि दुपारी वर जाऊन नोंदी उतरवून काढीत. त्या वेळात खोळंबा नको, म्हणून प्रार्थनाघराचा मुख्य सेवक टेबलाशी बसू लागला. टेबल त्यांचे होते, तेव्हा खणाची किल्लीही त्याच्याच कमरेला राहिली. पुढे प्रार्थनेच्या वेळी टेबल बंद राहू लागले, आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही. नंतर रांगेत ओळखीचे चेहरे पुढे घेतले जाऊ लागले. एक दिवस सेवकाने विचारले, "विधी झाल्याची चिठ्ठी कुठे आहे?" कोणत्याही नियमात नसलेली ती चिठ्ठी पंधरा दिवसांत अशी रुळली, की माणसे ती न विचारताच पुढे करू लागली. ज्यांच्याकडे ती नसे, ते 'नंतर या' ऐकून मान खाली घालून जात. बाईंच्या कानावर हे आले होते. "बोलते मी त्यांच्याशी," असे त्या दर आठवड्याला म्हणत.

मग तो दिवस आला. पहाटे सहाच्या सुमारास लिफ्टवाले नाना वारले. आपला देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, मुलांना शिकायला उपयोगी पडेल, असे त्यांनी चार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. महाविद्यालयाची अट अशी, की मृत्यूनंतर बारा तासांच्या आत देह पोहोचला पाहिजे आणि सोबत माझा ठसा असलेला दाखला पाहिजे. म्हणजे वेळ संध्याकाळी सहापर्यंतच होती.

नानांची मुलगी बेकरी चालवते. डॉक्टरांचा कागद मिळवून ती दुपारी एकच्या सुमारास टेबलापाशी आली. मी उघड्या खणात होतो. तिच्या बाहीला अजून पीठ लागलेले होते.

"चिठ्ठी?" सेवकाने विचारले.

"दादा, चिठ्ठी कसली? नाना इथे कधी आले नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"तेच तर. आयुष्यभर आले नाहीत. आता शेवटचं तरी आणा त्यांना. विधी होऊ द्या, लगेच शिक्का मारतो."

"त्यांना ते नको होतं. त्यांनी लिहून ठेवलंय."

"ताई, तुम्ही दर आठवड्याला येता. तुम्हीच असं बोलायचं?"

"मी येते, दादा. मी उद्याही येईन. पण हा कागद माझा नाही, त्यांचा आहे."

दुपारच्या मोठ्या प्रार्थनेची वेळ झाली होती. सेवकाने खण लोटला, किल्ली फिरवली आणि तो आत निघून गेला. त्या दिवसापर्यंत अंधाराची मला भीती नव्हती. रोज रात्री मी खणातच तर असतो. पण भर दुपारी, कुणी बाहेर ताटकळत असताना आत पडून राहणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

ती तिसऱ्या मजल्यावर धावली असावी, कारण थोड्या वेळाने मला नोंदबाईंचा धापा टाकणारा आवाज ऐकू आला. त्यांनी खण ओढून पाहिला. दोनदा, तीनदा. मी आतल्या आत पुढेमागे आपटलो. मग शिपाईमामांचा आवाज आला. "बाई, पाना आणू का? एका झटक्यात उघडेल."

"प्रार्थना चालली आहे, मामा. आवाज होईल."

"मग आत जाऊन किल्ली तरी मागा."

"मध्येच कसं जायचं? आजवर कुणी गेलं नाही. होईलच इतक्यात."

मित्रांनो, इथेच ती चूक झाली आणि ती बाईंसारख्या माणसाकडूनच होऊ शकते. वीस पावलांवर एक दार होते. ज्याला त्या प्रार्थनेचे काही वाटत नाही, त्याने ते धाडकन उघडले असते. बाईंना वाटत होते. त्या बाकावर बसल्या, नानांची मुलगी शेजारी बसली आणि दोघी आतल्या गाण्याचे सूर ऐकत राहिल्या. मला घड्याळ दिसत नव्हते, पण त्याची टकटक ऐकू येत होती. मोठ्या प्रार्थनेला चार तास लागतात, हे बाईंना ठाऊक होते. माणूस आशेवर बसला की ठाऊक असलेलेही विसरतो.

सव्वापाचला दार उघडले. गुरुबाबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "अर्धा तास, बेटा. फक्त अर्धा तास त्यांना इथे आण. नाना माझे मित्र होते. तुझं काय जातंय त्यात?"

"माझं काही जात नाही, बाबा. त्यांचं जातं."

"गेलेल्या माणसाचं काय जातं?"

"एवढं एकच तर राहिलं होतं त्यांच्याकडे."

मग नोंदबाई म्हणाल्या, "बाबा, किल्ली द्या."

"देतोच आहे. पण आधी शांतपणे विचार करू या."

"हे टेबल तुमचं आहे. शिक्का तुमचा नाही. माझाही नाही. मी मागत नाहीये, बाबा. घ्यायला आले आहे. किल्ली."

बावीस वर्षांत बाईंनी कुणाशी असे बोललेले मी ऐकले नव्हते. तरी गुरुबाबांनी समजावणे सोडले नाही, सेवकाला कमरेच्या जुडग्यातली ती किल्ली चटकन सापडली नाही, आणि खण उघडला तेव्हा पावणेसहा वाजले होते. बाईंनी मला उचलले. शाई सुकली होती. 'हाऽ' करायला त्यांच्याकडे श्वास उरला नव्हता. त्यांनी मला तसेच गादीवर दाबले आणि कागदावर टेकवले. मी स्पष्ट उमटलो. तारीख बरोबर होती. नानांची मुलगी कागद घेऊन धावली.

पुढचे मला दोन दिवसांनी कळले, बाई शिपाईमामांना सांगत होत्या तेव्हा. महाविद्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. नानांना घेऊन निघालेली गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचली. तिथल्या माणसाने कागद पाहिला, घड्याळ पाहिले आणि 'आता घेता येणार नाही' म्हणून हात जोडले. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी थकलेल्या मुलीला फार विचारले नाही. नानांना प्रार्थनाघरातूनच नेले गेले. 'हा अखेर आपल्या घरी आला,' असे गुरुबाबा सर्वांसमोर म्हणाले.

"प्रार्थना फार सुंदर झाली, मामा," बाई म्हणाल्या. "तेच सहन होत नाही."

हे त्या मला रुमालात गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर परत आणल्यानंतर बोलत होत्या. कुणाचा आदेश नव्हता. साहेबांची नोटीस मात्र लगेच आली. येत्या आठवड्यात बैठक आहे आणि मी कुठे राहायचे, ते तिथे ठरेल. तोवर लोक धापा टाकत जिना चढतात आणि बाईंना बोल लावतात. "एवढी चांगली सोय होती, या बाईंना पाहवली नाही," असे परवा एक आजोबा तोंडावर म्हणाले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्यांचे काम आधी केले. त्या अजूनही दर आठवड्याला प्रार्थनेला जातात. शेवटच्या बाकावर बसतात. गुरुबाबा त्यांच्याशी बोलत नाहीत.

काल नानांची मुलगी दाखल्याची दुसरी प्रत घ्यायला आली होती. बाईंनी कागद पुढे ओढला, मला हलकेच टेकवले आणि उचलले. ती त्या ओल्या ठशाकडे बघत राहिली.

"एवढंच असतं?" तिने विचारले.

"एवढंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

मित्रांनो, मी रबराचा तुकडा आहे. बैठकीत मला कुणी विचारणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल. सगळ्यांच्या मालकीची एखादी वस्तू कुणा एकाच्या घरी ठेवा, असे तुम्हाला कुणीतरी सांगेल. सांगणारा भला माणूस असेल, सोयही खरीच असेल, आणि ते घर कदाचित तुमच्याच श्रद्धेचे असेल. तेव्हा घाई करू नका. खणाची किल्ली कुणाच्या कमरेला राहणार, एवढे आधी विचारा. आणि ती वस्तू आत अडकलीच, तर दार ठोठावायला लाजू नका. बाहेर बाकावर कुणीतरी घड्याळाकडे बघत बसलेले असते.