उजव्या हातावरचं तीर्थ

मी देवघरातली पळी बोलतेय. तांब्याची, टोकाला नागाचा फणा असलेली. माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. माझ्यासमोर येतात ते तळहात.

भोकरदनच्या माहेराहून उमाबरोबर मी जालन्याला आले. तिचे यजमान गिरिधर तेव्हा नवे वकील. स्टील कारखान्यांतल्या कामगारांच्या युनियनच्या केसेस लढायचे. पहिल्या केससाठी उमानं सोळा सोमवार धरले. केस जिंकली तेव्हा युनियनचा पुंजाराम पेढे घेऊन आला. भट्टीपुढं भाजून निबर झालेला त्याचा हात! तीर्थ घेताना म्हणाला, "वैनी, पळीनं काय व्हतंय? भट्टीवाल्याला तांब्याच लागतो." उमा किती हसली!

मग दुसरे हात आले. कारखान्याच्या मालकाचा, अंगठ्यांनी भरलेला. आणि सर्जेरावचा, मऊ, गार. वसुली अन् मारामाऱ्या करणारी टोळी त्याची. गिरिधरनी दोघांच्याही केसेस घेतल्या. मालकाला संप नको होता, सर्जेरावला युनियन ताब्यात हवी होती, आणि दोघांना जोडणारा वकील आमच्याच घरात होता. कागदावर लिहिता येत नाही असं काही ठरलं, की गिरिधर हाक मारत, "उमा, तीर्थ आण. शब्द पक्का होऊ दे."

उमाला वाटायचं, भांडणं मिटतायत. ती देवापुढं साखर ठेवायची.

असंच एकदा तीर्थ झालं, अन् सर्जेरावचा माणूस युनियनचा अध्यक्ष झाला. संप मोडला. पुंजाराम तेवढा गेटवर अडून बसला. त्याचा उजवा हात मोडून टाकला सर्जेरावच्या माणसांनी.

त्याची बायको केशरबाई दारात आली. "वैनी, साहेब केस घ्यायला न्हाई म्हणून राह्यले. मागं तुमच्या घरून तीर्थ घेऊन गेल्ते ना, त्यांनीच मारलं वो."

गिरिधर आतून म्हणाले, "उमा, संप मिटून एवढ्या घरांच्या चुली पेटल्या, ते बघ ना."

"कुणाच्या हातावर पेटल्या, ते बघतेय."

त्या दिवसापासून तिनं त्यांना तीर्थ दिलं नाही. रोज अंघोळ करून ते हात पुढं करत. ती मला पंचपात्रीत ठेवून देई. भांडली नाही, उपास तेवढे वाढले. बंगला झाला, गाडी आली, तरी तो हात रोज कोरडाच मागं जाई. मला वाईट वाटे. याच हातानं गरिबांचे अर्ज फुकट लिहिले होते.

आज सकाळी हात पुढं करून ते म्हणाले, "पुंजाराम कुठं असतो गं?"

"घनसावंगीला, लेकीकडं. का हो?"

"कोर्टात खरं सांगायचंय. माझ्यासकट सगळ्यांचं. आधी त्याच्यापुढं उभा राहतो."

उमानं मला घासलं, पुसलं, फडक्यात गुंडाळलं.

"अगं, आता तरी दे."

"आधी त्याला. मग तुम्हाला."

आता मी तिच्या पिशवीत आहे, तीर्थाच्या बाटलीला टेकून. गाडी घनसावंगीच्या रस्त्याला लागलीय. पुंजारामनं दार उघडावं, एवढंच माझं मागणं. त्याचा उजवा हात अजून वळत नाही म्हणे. मग डावा पुढं करू दे. उमा देईल. देवाची समजूत मी काढीन.