तागडीतली सून

सकाळचे नऊ वाजले होते आणि दाक्षायणीचा तिसरा नाश्ता चालला होता. शेंगापोळी, पोळीवर तूप, तुपावर गूळ, आणि ते सगळं खाली उतरावं म्हणून वाडगाभर गव्हाची गोड हुग्गी. तूप इतकं, की ताटावर बसलेली माशी घसरली ती थेट विजापूर वेशीत जाऊन थांबली. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

"पोट भरलं, अत्ती," दाक्षायणी सासूला म्हणाली.

"तुझं भरलं असंल. आतल्याचं कुटं भरलंय?" शरणम्मांनी आणखी एक पळी तूप ओतलं. दाक्षायणीच्या घशाशी आंबट आलं. तिनं ते गिळलं.

तेल-पेंडीच्या या घराण्याची एक रीत होती. सातव्या महिन्यात सुनेला दुकानातल्या मोठ्या तागडीत बसवायचं, समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा रचायच्या आणि तो गूळ पेठेत वाटायचा. ढेपा जितक्या जास्त, तितकं घराणं थोर! बहात्तरच्या दुष्काळात सारं सोलापूर खडी फोडून वाळत होतं, तेव्हा दाक्षायणी पहिलटकरीण होती. तिला नऊ ढेपा लागल्या. शरणम्मांनी ते वर्षभर मिरवलं.

त्या खेपेची निंगव्वा. आता पाच वर्षांची. जन्मली तेव्हा सुईणीला दोन्ही हात लावावे लागले. सुईण म्हणे, तीनशे बाळंतपणं केली, पण असं धूड पाहिलं न्हाई. पोरीचं जेवण संपलं की ती जेवायला मागे. एकदा म्हशीच्या घमेल्यातली भिजवलेली पेंड ओंजळी भरभरून खाताना सापडली, धापा टाकत, हनुवटीवरून लाळ गाळत. शरणम्मा कौतुकानं हसल्या, "खात्यापित्या घरची हाय की!"

आणि आता या खेपेला दाक्षायणी मोरीतून बाहेर आली, की तिथं मुंग्यांची रांग लागे. शरणम्मांनी मुंग्यांना हळदकुंकू वाहिलं. लक्ष्मी आली म्हणे!

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लघवीत साखर जातेय. लक्ष्मी कसली?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पुस्तकात अजून फारसं लिहिलेलं नाही, पण मी डोळ्यांनी बघते. असं कोंबून खायला घातलेल्या आयांची मुलं पोटातूनच ते वळण घेऊन येतात. भूक भागली, हे त्यांना कळतच नाही. निंगव्वाचं बघताच आहात. हा दुसरा जीव तरी वाचवा."

तोलायच्या दिवशी दुकान बायकांनी गच्च भरलं. दाक्षायणीचा नवरा सिद्धाराम ढेपा रचत ओरडला, "आज अकराच्या खाली न्हाई!"

दाक्षायणीनं तागडीत एक पाय ठेवला आणि तिला मागची मोरी दिसली. तिथं जेवून उठलेल्यांच्या पत्रावळींचा ढीग होता. निंगव्वा त्यात मांडी घालून बसली होती. दुसऱ्याचं उष्टं चाटत होती. मध्येच भडाभडा ओकली, परकराला तोंड पुसलं आणि पुढची पत्रावळ ओढली.

"पोरगी आजीवर गेली!" कुणीतरी म्हणालं. सगळ्या खदखदल्या.

दाक्षायणीला पोटच्या पोरीची किळस आली. मग त्या किळसेची लाज वाटली. मग तिनं ती तुपकट, हसरी तोंडं एकेक करून पाहिली आणि किळस कुणाची करायची ते तिला कळलं.

तिनं पाय मागं घेतला. "मी बसणार न्हाई."

"काय म्हनलीस?" शरणम्मांचं हसू गोठलं. "पोटातल्याला उपाशी मारतीस व्हय गं?"

"उपाशी न्हाई, अत्ती. पुरे म्हंजे काय, ते त्याला कळू द्या. हिला तुमी कळू दिलं न्हाई. मीबी दिलं न्हाई."

"माझी अब्रू..." सिद्धाराम पुटपुटला.

"ती बसवा तागडीत. बगा किती ढेपा लागत्यात."

दुपारी ती एक भाकरी आणि पालेभाजी घेऊन बसली. तेवढंच निंगव्वालाही वाढलं. पोरीनं ताट चाटलं, आणखी मागितलं, मिळेना म्हणून आधी भोकाड पसरलं, मग आईच्या मनगटाला कडकडून चावली. दाक्षायणीनं हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हातानं ती पोरीच्या पाठीवरून थोपटत राहिली.

दारात बायका जमल्या. "आई हाय का कसाईण?" असं त्या मोठ्यानंच म्हणाल्या.

मनगटातून रक्त आलं होतं. दार लावून घेणं सोपं होतं. दाक्षायणीनं ते उघडंच ठेवलं.