दोन मागण्यांना एक आमेन

दर बुधवारी दिवेलागणीला चर्चच्या मागच्या खोलीत बारा-तेरा खुर्च्या गोल मांडल्या जात. तिथल्या प्रार्थनेची रीत जरा निराळी होती. कुणीही स्वतःसाठी मागायचं नाही. आपलं मागणं उजवीकडच्याच्या कानात सांगायचं आणि मग त्यानं ते मोठ्यानं देवापुढे मांडायचं. स्वतःसाठी मागताना माणूस लाजतो, अडखळतो, निम्मं गिळून टाकतो. दुसऱ्यासाठी मागताना त्याची जीभ मोकळी सुटते, असं जुन्या मंडळींचं म्हणणं. शिवाय एका घरातल्यांनी शेजारी शेजारी बसायचं नाही, एवढा एक नियम.

त्यामुळेच त्या बुधवारी घोटाळा झाला.

शिवणकाम करणारी मावशी दाराजवळ बसली होती आणि तिची भाची पार तिकडे खिडकीपाशी. भाचीला सगळे बटण म्हणत. चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ती मावशीला अशी येऊन चिकटली की ओढून काढली तर कापड फाटेल, असं मावशीच म्हणायची. आता बटण चोवीस वर्षांची होती. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण तिनं पुरं केलं होतं आणि दोन शाळा तिला घ्यायला तयार होत्या. एक चार गल्ल्या सोडून, दुसरी एक रात्र नि एक दिवसाच्या प्रवासावर. उद्या दुपारी बारापर्यंत उत्तर कळवायचं होतं. दोन आठवडे दोघी एकमेकींना एकच सांगत होत्या, देवाची इच्छा असेल तसं होईल. दोघींनाही ते वाक्य पडद्यासारखं सोयीचं होतं. मागचा पसारा दिसत नव्हता.

मावशीच्या उजवीकडे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते. त्यांनी डोळे मिटले आणि देवबाप समोरच्या खुर्चीवरच बसलाय अशा खात्रीनं मागितलं, की या मुलीला मावशीजवळच ठेव, लांबच्या शाळेचा विचार तिच्या मनातून काढून टाक. सगळे आमेन म्हणाले. चार खुर्च्या पुढे पाववाल्या काकूंनी बटणासाठी मागितलं, की या पोरीचा जीव लांबच्या शाळेत अडकलाय, तिच्या मावशीचं मन वळव. त्यालाही सगळे आमेन म्हणाले, तितक्याच जोरात. मग खोली अशी चिडीचूप झाली की कुणाच्या तरी पोटातली गुरगुर ऐकू आली. एक-दोघं खोकल्याआड हसले.

घरी जायला दोघी बरोबरच निघाल्या. कोपऱ्यावर मावशीलाच राहवेना.

"काय वाटलं असेल गं देवाला?"

"त्याला दोन्ही आधीच ठाऊक होतं," बटण म्हणाली. "आपल्यालाच नव्हतं."

सकाळी मावशी मशीनवर बसली, पण कामात चित्त लागेना. कुणाची तरी पँट आखूड करायची होती, ती भलत्याच रेघेवर कापता कापता वाचली. तेवढ्यात घड्याळवाले आजोबा कानकोंडं तोंड करून दारात उभे राहिले. तिनं स्टूल पुढे सरकवलं आणि मनातलं सगळं ओतलं. वीस वर्षं ती प्रत्येक मागण्याच्या शेवटी 'तुझी इच्छा असेल तर' असं जोडत आली होती. पण ते कसं, तर दार लावता लावता पाहुण्याला 'बसा ना थोडं' म्हणावं तसं. खरंच बसला तर पंचाईत. मग असल्या बाईनं भरवशानं मागायचं तरी कसं?

आजोबांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला.

"पोरी, लहानपणी बापाकडे मागताना तू आधी पडताळून बघायचीस का, हे बरोबर की चूक?"

"छे. हवं ते मागायचे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"रडायचे. मग जेवायला त्यांच्याच शेजारी बसायचे."

"तेच तर," आजोबा म्हणाले. प्रभूनं क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकले तेव्हा त्यानंही आधी मनातलं, हे दुःख टळू दे, असं मागून घेतलं, मगच बापाची इच्छा मागितली, याची त्यांनी तिला आठवण करून दिली. पहिलं न बोलता दुसरं म्हणणं हा नुसता उपचार झाला. जाता जाता, एकाच बाजूचं ऐकून मागून बसलो म्हणून त्यांनी माफीही मागितली.

मावशीनं बटणाला हाक मारून समोर बसवलं. बुधवारची रीत बाजूला ठेवली आणि स्वतःच डोळे मिटले.

"बापा, मला ही इथंच हवी. संध्याकाळी दारात हिच्या चपला दिसल्या की माझा दिवस पुरा होतो. ही गेली तर घर खायला उठेल मला. हे आधी ऐकून घे." डोळे मिटूनच तिनं बटणाचा हात चाचपून धरला. "आता तुझं सांग. मी ऐकते. घाई नाही... म्हणजे, बारापर्यंत."

बटणाला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

आभाळातून कुणी काही बोललं नाही. दोघी हातात हात घेऊन तशाच बसून राहिल्या. पण मनातलं सगळं बोलून झाल्यावर आत जी जागा रिकामी झाली, तिथं मावशीला एक प्रश्न सापडला. दोन आठवड्यांत तो तिनं विचारलाच नव्हता.

"त्या लांबच्या शाळेत मुलं किती?"

"अकरा."

"आणि त्यांना शिकवतं कोण?"

बटणानं आता सगळं सांगितलं. शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी सोडून गेल्या, तेव्हापासून कुणीच नाही. स्वैपाकीण दुपारची त्यांच्यात जाऊन बसते, बिचारी, पण हातांनी बोलायची भाषा तिला येत नाही. आणि जवळच्या शाळेत? तिथं आधीच तीन शिक्षिका होत्या.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मनात नसताना 'जा' म्हणाली असतीस. तसलं जाणं मला नको होतं."

मावशीनं डोळे पुसले. एकटं पडायची भीती गेली नव्हती, पण आपलं ऐकलं गेलंय, याची तिला आता बुडाखालच्या स्टुलाइतकी खात्री होती. तिनं मापाची वही ओढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिल पुढे केली.

"त्या अकरांची नावं लिही."

"कशाला?"

"रोज मागायचंय त्यांच्यासाठी. नुसत्या आकड्यासाठी कसं मागू?"

"मावशी, मला कुठं माहीत आहेत त्यांची नावं?"

"मग जा," मावशी म्हणाली, "आणि विचारून कळव. सगळ्यांत लहान कोण, ते आधी."