जाळ न दिसणारी शेगडी

आमच्याकडे विजेची शेगडी आली, त्याच दिवशी सासूबाईंनी ओलं फडकं तिच्यावर वाळत घातलं. चुलीच्या कडेला त्या चाळीस वर्षं तसंच करत आल्या होत्या, आणि जाळ दिसेना म्हणून त्यांना शेगडी विझलेली वाटली. फडकं करपलं.

"आई, पुन्हा असं झालं तर तू शेगडीला हात लावायचा नाहीस," आमच्या ह्यांनी बजावलं. सासूबाईंचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा केला, बटण बंद केलं आणि हातातलं वर्तमानपत्र शेगडीवरच ठेवलं. सासूबाईंनी झडप घालून ते उचललं.

"बटण बंद केलं की लगेच गार होते का रे, दीडशहाण्या?"

तेव्हापासून शेगडीचा सगळा कारभार सासूबाईंकडेच राहिला.