एल्वियो तामान्तीचा टोप

मी एक टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, डोक्यावरचा. आजकाल लोक ज्याला विग म्हणतात तो. चव्वेचाळीस वर्षं मी एकाच माणसाच्या डोक्यावर बसलो, आणि एवढ्या वर्षांत मला काम एकच होतं: मी आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. ते मी चोख केलं. आज लाज वाटते ती त्याचीच.

माझा जन्म मिलानचा. एका नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत आमेदेआबाईंचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक खोली, एक खिडकी आणि लाकडी डोक्यांची रांग. माझे केस कालाब्रियातल्या एका मुलीचे. ती मठात गेली आणि तिची वेणी इकडे आली. आमेदेआबाईंनी तो एकेक केस आकड्याच्या सुईनं जाळीत ओवला. त्या म्हणायच्या, "शेजारी झोपणाऱ्या बायकोलाही कळला नाही, तर तो टोप खरा."

माझा मालक तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. एल्वियो तामान्ती. फानो गावच्या नाझारेनो न्हाव्याचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी त्याचं 'तुझ्या ओल्या चपला' हे गाणं आलं होतं, आणि एका उन्हाळ्यात ते रिमिनीपासून पेस्काऱ्यापर्यंत प्रत्येक किनाऱ्यावर वाजलं. कपाळावर येणारी झुलपं हे त्याचं अर्धं गाणं. ती झुलपं गळू लागली तेव्हा त्याचा बाप म्हणाला, "लोक म्हणतील, न्हाव्याच्या पोराला बापानं सगळंच कापून दिलं." बाप हसला. एल्वियो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो आमेदेआबाईंकडे आला.

नंतरच्या वर्षांत माझी जाळी तीनदा बदलली. कितीदा नवे केस भरले, पुढे पुढे त्यात पांढरेही मिसळले. तरी मी मीच राहिलो. मी त्याच्याबरोबर गाण्यांच्या स्पर्धांना गेलो, तो दोनदा हरला आणि एकदा तिसरा आला ते मी पाहिलं. मग गिटारवाल्या दाढीवाल्यांचा काळ आला आणि झुलपांची गाणी कुणाला नकोशी झाली. एल्वियो लग्नांत गायला, सॉसेजच्या जत्रेत गायला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जर्मन म्हाताऱ्यांसाठी गायला. लोक जेवता जेवता ऐकत. तो परत येऊन मला लाकडी डोक्यावर ठेवी आणि बराच वेळ आरशात पाहत नसे.

त्याला पुन्हा वर काढलं ते टीव्हीनं. एका नव्या खाजगी वाहिनीला रविवार दुपारच्या थेट कार्यक्रमासाठी ओळखीचा चेहरा हवा होता. एल्वियोला बोलता छान यायचं. आज्जीबाईंची चेष्टा करावी ती त्यानंच, त्यांना गुदगुल्या होतील अशी. कार्यक्रमात शेवटी हौशी गायकांना एकेक गाणं म्हणू देत.

माझी काळजी तिथं झाइरा घेई. रंगभूषा करणारी, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. आमेदेआबाई आणि बाप सोडले, तर माझ्याबद्दल जगात फक्त तिला ठाऊक होतं. दर रविवारी दार लावून ती मला डिंकानं चिकटवी आणि म्हणे, "बस बाबा, आज तरी नीट बस. दोघांची पोटं तुझ्यावर आहेत."

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीतला तो रविवार. हौशी गायकांत आद्रियाहून एक माणूस आला होता. लेआर्को पावान. रेल्वे फाटकावरचा गेटमन, चाळीसेक वर्षांचा, लग्नाचाच असावा असा तपकिरी कोट घातलेला. बायको इनेस तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसली होती. तो म्हणणार होता एल्वियोचंच गाणं, 'तुझ्या ओल्या चपला'.

त्यानं पहिली ओळ उचलली आणि मला माझ्याखाली काहीतरी आक्रसल्याचं जाणवलं. डोक्यावर बसणाऱ्याला माणसाचं सगळं कळतं. घाम कुठला गरम, कुठला गार, ते कळतं. एल्वियोला गार घाम फुटला होता. वीस वर्षं ते गाणं तो गात होता, आणि ते असं गायचं असतं हे त्याला त्या क्षणी कळत होतं. वादकांनी आवाज खाली आणला. समोरची कुजबूज थांबली. लेआर्को डोळे मिटून गात होता. दुसऱ्या कडव्याची दुसरी ओळ त्यानं अशी काही लांबवली, की पियानोवाला वाजवायचा थांबून त्याच्याकडे बघत राहिला.

आणि तेव्हाच त्याचा टोप सरकला.

हो, त्यालाही टोप होता. घरगुती. दिव्यांच्या उष्णतेनं डिंक वितळला असावा. तो हळूच कपाळावर आला आणि एका डोळ्यावर लोंबू लागला. लेआर्कोनं डोळे उघडले, पण गाणं सोडलं नाही.

त्या वेळी एल्वियोला बरंच काही करता आलं असतं. कॅमेरा दुसरीकडे वळवायची खूण करता आली असती. पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात टाकता आला असता. तो पुढं झालाच. त्यानं दोन बोटांनी तो टोप उचलला, शेपटीला धरावं तसा उंच धरला आणि विचारलं, "कुणाची मांजर हरवलीय का?"

सगळं सभागृह हसण्यानं दणाणलं. तो थांबला नाही. टोपाला गोंजारलं, बशीतून दूध पाजण्याचा अभिनय केला, स्वतः म्याव म्याव केलं. शेवटी तो टोप प्रेक्षकांत भिरकावला. लेआर्को ध्वनिक्षेपक दोन्ही हातांत धरून उभा होता. गाणं अर्धं राहिलं होतं. तिसऱ्या रांगेत इनेस उठून उभी राहिली होती, पर्स छातीशी धरून, आणि तिच्या आजूबाजूचे सगळे डोळे पुसत हसत होते.

मी घट्ट बसून होतो. एक केस हलला नाही माझा. मी त्या वेळी सरकलो असतो, बोटभर जरी, तर ते हसणं थांबलं असतं. पण मला फक्त चिकटून राहणं शिकवलं होतं.

कार्यक्रमानंतर झाइरानं दार लावलं आणि खसाखसा मला सोडवायला लागली. एल्वियोच आरशातून म्हणाला, "काय झालं? लोक खूश झाले ना."

"आज मी डिंक दुप्पट लावला होता," ती म्हणाली. "म्हणून तू उभा आहेस. त्या बिचाऱ्याला लावायला कुणी नव्हतं."

"अगं, त्यालाही नाव मिळालं की. उद्या सगळा देश त्याला ओळखेल."

"नाव त्याला होतं. लेआर्को. तू ते एकदाही घेतलं नाहीस." तिनं डिंकाची बाटली त्याच्यासमोर ठेवली. "पुढच्या रविवारपासून तुझं तू लाव." आणि ती खरंच परत आली नाही.

त्या प्रसंगाचा तुकडा वाहिनीनं दर नववर्षाला दाखवला. एल्वियोचा कार्यक्रम आणखी अकरा वर्षं चालला. बिस्किटांच्या जाहिराती आल्या, नवीन तबकडी निघाली, फानोच्या नगराध्यक्षांनी सत्कार केला. म्हातारा नाझारेनो तेव्हा जिवंत होता. सत्काराच्या जेवणात तो मुलाच्या कानाशी लागून म्हणाला, "मी चाळीस वर्षं टकल्यांची दाढी केली. एकालाही हसलो नाही." एल्वियोनं त्याच्या ताटात मासा वाढला आणि विषय बदलला.

तिसऱ्या वर्षी इनेसचं पत्र आलं. छोटंसं होतं. तिनं लिहिलं होतं, की गाडी फाटकावरून जाते तेव्हा खिडक्यांतून लोक म्याव करतात. लेआर्कोनं बदली मागून घेतली आहे, आता तो मालधक्क्यावर असतो. चर्चमध्ये गायचा तेही सोडलं. कृपा करून नववर्षाला ते दाखवू नका. तुमचा शब्द ते ऐकतील.

एल्वियोनं ते पत्र दोनदा वाचलं. दिग्दर्शकाला भेटायला गेला. दिग्दर्शक म्हणाला, "वेडा आहेस का? ते काढलं तर नववर्षाला उरतं काय?" एल्वियो हसला आणि परत आला. मग त्यानं काय करावं? आपल्या एका फोटोवर 'इनेस आणि लेआर्कोला प्रेमपूर्वक' असं लिहून तो आद्रियाला पाठवून दिला. पत्र मात्र फेकवलं नाही. ते त्यानं माझ्या पेटीत, माझ्याखाली ठेवलं. बावीस वर्षं मी त्या पत्रावर झोपलो.

पुढं कार्यक्रम बंद झाला. एल्वियो जहाजांवर गायला, स्वयंपाकाच्या कार्यक्रमात त्यानं कांदे चिरले, एकदा निवडणुकीला उभाही राहिला आणि पडला. गुडघे गेले, आवाज गेला. मी तेवढा तसाच.

दोन हजार नऊ साली एका वाहिनीनं जुन्या कलावंतांचा सोहळा ठरवला. आयोजक बाईंनी फोनवर उत्साहात सांगितलं, "तुमच्या मांजरवाल्यालाही शोधून काढलं आम्ही. पण तो यायला तयार नाही. बायको वारली म्हणे गेल्या वर्षी."

एल्वियोनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि आद्रियाला गेला.

लेआर्को कालव्याकाठच्या घरामागे शेंगांच्या वेलांना काठ्या बांधत होता. डोकं उघडं, उन्हानं रापलेलं. त्यानं वर पाहिलं.

"टीव्हीवरून आलात का?"

"नाही. मी एल्वियो तामान्ती."

"ते दिसतंय. टीव्हीनं पाठवलंय का, ते विचारलं. त्यांना मी नाही म्हणून सांगितलंय."

"मीच आलोय. आपणहून."

रस्ताभर एल्वियोनं भाषण जुळवलं होतं. ते त्याला आठवेना. मग त्यानं हात वर नेला, डिंक सोडवला आणि मला काढून हातात घेतलं. आमेदेआबाई आणि झाइरा यांच्याखेरीज कुणासमोर त्यानं मला काढलं नव्हतं. दोन लग्नं झाली, दोन्ही बायकांसमोरही नाही. ऊन थेट त्याच्या डोक्यावर पडलं.

लेआर्कोनं गाठ मारली, सुतळी दातानं तोडली. "घाला ते," तो म्हणाला. "सवय नाही तुम्हाला. डोकं भाजेल."

"तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"इनेस केशभूषा करायची. परतताना गाडीतच म्हणाली, त्याचाही टोपच आहे. पण ज्यानं केलाय त्याचा हात चांगला आहे, म्हणाली."

एल्वियो मला मुठीत आवळत होता. "वर्तमानपत्रवाले आले असतील तेव्हा तुमच्याकडे."

"आठवडाभर दारात होते."

"एक शब्द बोलला असतात, तर मी संपलो असतो."

"हो. मी बोलणार होतो. तीच नको म्हणाली. एका घरात झालंय तेवढं पुरे, म्हणाली." तो पुढच्या वेलाकडे सरकला. मग पाठमोराच म्हणाला, "तो टोप तिनं चार महिने विणला होता. रोज दुकान बंद केल्यावर. स्वतःचे केस कापून. मी टीव्हीवर बरा दिसावा म्हणून. सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्यांखाली शोधला. नाही मिळाला. तुमच्याकडे आहे का?"

"नाही," एल्वियो म्हणाला.

"वाटलंच."

"मला माफ करा."

"तिला म्हणायला हवं होतं. तिच्या वतीनं मी काय सांगणार?"

निघताना लेआर्कोनं जुन्या कागदात शेंगा बांधून त्याच्या हातात दिल्या. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही तिकडची रीत. फानोपर्यंत एल्वियो एका हातानं गाडी चालवत होता. दुसरा हात मांडीवरच्या त्या पुडीवर. मी शेजारच्या आसनावर उलटा पडलो होतो. शिव्या खाल्ल्या असत्या तर दोघांनाही हलकं वाटलं असतं.

सोहळ्याला तो गेला. तो तुकडा दाखवायचा नाही ही त्याची अट होती, आणि आयोजकांनी मान डोलावली होती. तरी दाखवलाच. सभागृह पुन्हा तसंच हसलं. तेव्हा एल्वियो उठला, सगळ्यांसमोर मला काढलं आणि ध्वनिक्षेपकात म्हणाला, "त्या माणसाचं नाव लेआर्को पावान. तो माझ्यापेक्षा चांगला गात होता. मी त्याला गाऊ दिलं नाही."

पण लोक उभे राहून हसत होते, टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्यानं पंचवीस वर्षांनी विनोद पुरा केला, असं त्यांना वाटलं. त्याचं बोलणं कुणाच्या कानावर गेलं नाही. तो तीनदा म्हणाला. मग खाली बसला.

त्यानंतर त्यानं मला पुन्हा घातलं नाही. दीड वर्षानं तो उघड्या डोक्यानंच गेला. फानोच्या स्मशानात त्याच्या थडग्यावर झुलपांचा फोटो आहे; नगरपालिकेनं निवडला.

मी आता तिथल्याच एका छोट्या संग्रहालयात काचेखाली आहे. खाली पाटी आहे: 'आपल्या शेवटच्या कार्यक्रमात तामान्तीने जो काढून धमाल उडवली तो प्रसिद्ध विग.' शाळेच्या सहली येतात, शिक्षिका पाटी वाचतात, मुलं हसतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं की धमाल नव्हती ती. पण लपण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि आता लपायलाही जागा नाही.

माफी मी मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, ती व्यक्ती गेली. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तो जुना तुकडा अजून फिरतो म्हणतात, कधीतरी तुमच्याही फोनवर येईल. आला तर सुरुवातीपासून लावा. तपकिरी कोटातला एक माणूस डोळे मिटून गातोय, त्याला ऐका. दुसऱ्या कडव्याची दुसरी ओळ तो फार सुरेख लांबवतो. ती संपली, की बंद करा.