‘निरोगी’ची चिठ्ठी

“ताई, तुमची नळी आजही पिवळी होईना. पेशी झोपल्यात की काय तुमच्या?”

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या खऱ्या, पण नळ्यांचा स्टँड खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा निरखत राहिल्या.

अठरा वर्षं ताई या प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करत आल्या होत्या. या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी. डिवचलं की पोतडीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, उधळायची, चोराला विरघळवून टाकायचं. संधिवातात मात्र चोर नसतानाच उधळण चालते आणि सांध्यातली मऊ गादी कुरतडली जाते. या पहारेकऱ्यांचा हात कुठलं औषध धरतं, हेच बाई शोधत होत्या. नळीत पेशी डिवचून त्यावर रंगाचं द्रावण घालायचं; विकरं सुटली की नळी पिवळीजर्द, औषधानं आवरली की फिकट. तुलनेला औषध न घेणाऱ्या धडधाकट माणसाचं रक्त लागे. ते ताईंचं. त्यांच्या नळीवरच्या चिठ्ठीत नावाच्या जागी ‘निरोगी’ लिहिलेलं असे.

“द्रावणच शिळं झालं असणार. ओतून टाका सगळं.”

ताईंची बोटं ॲप्रनच्या खिशात शिरली. पण बिचाऱ्या द्रावणावर आळ? ते त्यांच्यानं सोसवेना.

“द्रावण चांगलंय, मॅडम. मीच जाऊबाईंच्या गोळ्या घेतेय. सांध्यांच्या. तीन आठवडे झाले.”

“अहो ताई! आणि हे आज सांगताय?”

“आधी सांगितलं असतं तर हातातलं पिपेट गेलं असतं.”

बाईंनी हात पुढे केला. ताईंनी आपला त्यावर ठेवला. पेरं सुजलेली, भुईमुगाच्या शेंगेसारखी.

“तीन आठवड्यांचे आकडे गेले की हो.”

“आकडे खरेच आहेत, मॅडम. चिठ्ठी तेवढी खोटी आहे.”

 बाईंनी बाही वर सारली. “आता निरोगी मी. काढा रक्त.”

“दुसऱ्या कुणाला बोलावू?”

“तुम्हीच काढा.”

सुई पहिल्याच खेपेला शिरेत गेली.

दुपारी बाईंची नळी पिवळीजर्द झाली. ताई आपल्या नळीवरची चिठ्ठी नखानं सोडवत बसल्या. वेळ लागला, बाईंनी मदतीला हात पुढे केला नाही. चिठ्ठी निघाल्यावर ताईंनी ती नळी औषध घेणाऱ्या रुग्णांच्या रांगेत उभी केली, चष्मा वर सारला आणि आपल्याइतकं फिकट आणखी कोण आहे ते वाकून पाहू लागल्या.