टॉवेलांमागचा डबा

मेव्हिस ऍक्रॉइड जाऊन तीन वर्षे झाली आणि तिचा नवरा आता तिच्या टॉवेलांवर खापर फोडत फिरतो. क्लबात चहाचा कप हातात घेतो, मान हलवतो आणि सांगतो, "बायको ओले टॉवेल ठेवायची हो त्या कपाटात. ओल लागली. नाहीतर ती फिल्म आज कोरी करकरीत असती." ऐकणारे हळहळतात. मेलेल्या माणसाला तोंड नसते, हे क्लिफर्डला बरोबर ठाऊक आहे. पण मला आहे. मी त्याच कपाटात होते, आणि मेव्हिसने तिथे उभ्या जन्मात एक ओले फडके ठेवले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी चित्रफीत आहे. साडेनऊशे फूट लांब, बोटभर रुंद, पत्र्याच्या गोल डब्यात गुंडाळलेली. मला वाचता येत नाही. माझ्या डब्यावर काय लिहिले आहे तेसुद्धा लोकांनी मोठ्याने वाचले तेव्हा कळले: 'गिरणीची खानावळ, भाग चौथा.' शाळा नाही झाली म्हणून कुणी मला अडाणी समजू नये. या भागाची जगात दुसरी प्रत नव्हती, आणि ही गोष्ट मला शिकलेल्यांच्या आधी माहीत होती.

माझा जन्म १९६० सालचा, मँचेस्टरचा. तेव्हा टीव्हीवरचे नाटक थेट चालायचे. नट इकडे बोलत, लोक तिकडे घरी बसून त्याच क्षणी बघत, आणि संपले की गेले वाऱ्यावर. पण टीव्ही कंपनीला आमची मालिका परदेशच्या केंद्रांना विकायची होती. म्हणून टीव्हीच्या एका पडद्यासमोर कॅमेरा लावला आणि नाटक जसजसे चालले तसतसे ते माझ्या अंगावर उतरले. माझ्या वेळचे बाळंतपण पंचवीस मिनिटांत आटोपले. एवढ्या वेळात घरचा चहासुद्धा नीट होत नाही.

त्या भागात डोरीन हॅस्लम नावाची सतरा वर्षांची पोरगी होती. ओल्डहॅमची, सूत गिरणीतल्या कामगाराची लेक. गिरणीच्या खानावळीत बटाटे सोलणाऱ्या मुलीचे तिचे काम. मुकादम तिच्यावर चोरीचा आळ घेतो आणि सगळ्यांसमोर माफी माग म्हणतो. तिथे तिला चार वाक्ये होती. डोरीन चारही विसरली.

थेट नाटक, मित्रांनो. मागे फिरायची सोय नाही. ती पोरगी मुकादमाकडे बघत राहिली. मग खाली बघून तिने एक बटाटा उचलला आणि सोलायला घेतला. सबंध बटाटा सोलला, त्याच्यासमोर ठेवला आणि पुन्हा वर बघितले. त्या नजरेत जे होते ते मी अंगावर घेतले आहे, म्हणून सांगते: मुकादमाचे काम करणाऱ्या बुजुर्ग नटाचा आवाजच बसला. त्या चार वाक्यांत तेवढा दम नव्हता.

पण डोरीनला हे कळणार कसे? ती तर नाटकात होती, पडद्यासमोर नव्हती. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "छान केलंस हो पोरी." त्या कुणालाही तेच म्हणायच्या. कंपनीने तिला पुन्हा बोलावले नाही. बाप म्हणाला, "विसरलीस ना? झाली तेवढी शोभा पुरे." डोरीन बेकरीत कामाला लागली. आपण सगळ्या देशासमोर नाटक बुडवले, हे तिने उरात धरून ठेवले. तिची समजूत घालू शकेल अशी जगात एकच वस्तू होती, आणि ती मी होते.

मी परदेश हिंडले. कुठकुठल्या केंद्रांवर चालले, परत आले, आणि बारा वर्षे कंपनीच्या कोठारात पडून राहिले. मग जागा हवी झाली. डब्यांवर शिक्के बसले: 'नष्ट करा.' कंपनीवर माझा राग नाही. तिला मी कचरा वाटले आणि तिने ते तोंडावर सांगितले.

कचऱ्याची लॉरी चालवणारा विल्फ टॅटरसॉल याने मला कोटाखाली घालून घरी नेले. तुम्ही म्हणाल, काय भला माणूस! भला होता, पण त्याला मी नको होते. त्याला डबा हवा होता, खिळे ठेवायला. उघडला तर आत मी. "अरेच्चा, ही कोण बया?" म्हणाला, आणि खिळे दुसरीकडे ठेवले. एवढा मान मला आधी कुणी दिला नव्हता.

विल्फकडून मी १९७९ साली हॅलिफॅक्सच्या क्लिफर्ड ऍक्रॉइडकडे आले. युद्धाच्या बातम्यांची दोन रिळे आणि प्रोजेक्टरचा एक जादा दिवा देऊन त्याने मला घेतले. हे फिल्म गोळा करणारे लोक असेच. आपसात अदलाबदल करतात आणि कुणाकडे काय आहे ते बाहेर बोलत नाहीत. जुन्या फिल्मांची जत्रा भरते तिथे गेले की डबा उघडून आधी नाक लावतात, मग डोळे. कारण आमची जात म्हातारपणी आंबते. व्हिनेगरचा वास सुटला की समजावे, फिल्म आतून सडू लागली. तसा डबा क्लिफर्ड हातातून टाकायचा, जणू विंचू निघाला.

पहिल्यांदा त्याने मला घरच्या बैठकीत चालवले. पडदे ओढलेले, चार मित्र खुर्च्यांवर. मेव्हिस चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. बटाटा सोलून झाला तरी ती तशीच उभी.

"मेव्हिस, चहा!" क्लिफर्ड ओरडला.

"थांब रे जरा," ती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "या पोरीनं माझ्या आईला कुठं बघितलं?"

मित्र हसले. एकजण म्हणाला, "क्लिफ, प्रत काय स्वच्छ आहे! एक ओरखडा नाही." आणि क्लिफर्डची छाती फुगली. मी त्याच्याकडे चौदा वेळा चालले. चौदाही वेळा त्याचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यांत फिरत होते, कुठे रेघ उमटते का, कुठे चित्र उडी मारते का.

१९९१ साली फिल्म गोळा करणाऱ्यांच्या क्लबाच्या पत्रकात एक पत्र छापून आले. क्लिफर्डनेच ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले. डोरीनचे होते. 'मी त्या नाटकात वाक्ये विसरले होते. तो भाग कुणाकडे असला तर मला एकदाच बघायचा आहे. मी खरंच सगळं बुडवलं होतं का, एवढंच जाणून घ्यायचंय. मी कुणाचं नाव कुणाला सांगणार नाही.'

मेव्हिस उठलीच. "बोलव तिला रविवारी. मी आल्याचा केक करते."

"डोकं फिरलंय का तुझं? ती कुठंतरी बोलणार. मग कंपनीचे लोक दारात. प्रत काढतील, टीव्हीवर दाखवतील. मग माझ्याकडे काय राहिलं?"

"तुझी फिल्म राहील की."

"सगळ्यांकडे असलेली वस्तू मी कशाला ठेवू?"

"मग मीच लिहिते तिला. बाई बिचारी तीस वर्षं मनात घेऊन बसलीय."

मेव्हिस कागद आणायला वळली तेवढ्यात क्लिफर्डने ते पत्रक, पत्त्यासकट, शेगडीत घातले. मेव्हिस त्याच्याशी अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलावेच लागले, पाण्याचा नळ फुटला होता.

आता त्याने काय केले ते नीट ऐका. त्याने माझ्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे घातले. वर प्लास्टिकची पिशवी, तिलाही पट्टी. म्हणाला, "हवा लागायला नको, ओल लागायला नको." आणि मला घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवले, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, धुऊन वाळवलेल्या टॉवेलांच्या मागे. तिथे बारा महिने ऊब.

मित्रांनो, आम्हांला गारवा लागतो आणि थोडी हवा लागते. आमच्या अंगातून आंबट वाफ निघते. ती बाहेर गेली तर आम्ही टिकतो. कोंडली की तीच वाफ आम्हांला खाते. क्लिफर्डने मला टाकीच्या उबेत माझ्याच वाफेत शिजायला ठेवले, आणि वर म्हणायचा की मी जपतोय.

काही वर्षांनी पट्टीतूनही वास झिरपू लागला. मेव्हिस म्हणाली, "क्लिफ, टॉवेलांना आंबट वास येतोय. तुझा तो डबा उघडून बघ."

"शुक्रवारच्या तळलेल्या मासे-चिप्सचा असेल. तू त्यांच्यावर व्हिनेगर ओततेस किती!"

"चिप्स मी कपाटात बसून खाते का रे?"

"उघडलं की हवा लागते," तो म्हणाला आणि विषय संपवला. जत्रेत शंभर डब्यांना नाक लावणाऱ्या माणसाने माझ्यापुढे नाक बंद केले. मेव्हिसने मग टॉवेल दुसऱ्या कपाटात हलवले. ती गेली तेव्हा मी त्या फळीवर एकटीच होते.

मेव्हिसच्या मागे क्लिफर्डला घर खायला उठले. चौऱ्याऐंशी वर्षांचा झाला, मित्र एकेक करून गेले, आपण काय राखून ठेवले आहे ते ज्याला सांगावे असे कुणी उरले नाही. तेव्हा त्याला उदारपणा सुचला. हरवलेला भाग सापडला, असे त्याने जाहीर केले. हॉल घेतला, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार बोलावला. फिल्म जतन करणाऱ्या संस्थेची फराह नावाची बाई म्हणाली, "काका, डबा आधी आमच्याकडे द्या, तपासू द्या." हा म्हणाला, "पट्टी मी कापणार, लोकांसमोर." बातमी वाचून आलेली डोरीन पहिल्या रांगेत बसली होती. आता ऐंशीच्या घरातली, केस नुकते सेट करून आलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून.

क्लिफर्डने कात्री चालवली. झाकण निघाले. वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला.

मी काय दिसत होते ते मलाच बघवेना. अंग आक्रसलेले, कडा मुरडलेल्या, वेढे एकमेकांना चिकटून दगड झालेले. चित्राचा थर खपलीसारखा सुटत होता. फराहने हात लावला आणि डोळे मिटून घेतले. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली केला.

संस्थेने सात महिने माझ्यावर खटपट केली. साडेसदतीस हजार चित्रांतून अकरा हाती लागली. आज फराहने डोरीनला आणि क्लिफर्डला बोलावून ती काचेच्या उजेडावर ठेवली. एक हात, सुरी आणि अर्धा सोललेला बटाटा. अकराही तशीच. चेहरा कुठेच नव्हता.

डोरीनने वाकून एकेक चित्र बघितले. मग तिने क्लिफर्डला विचारले, "मिस्टर ऍक्रॉइड, तुम्ही ही पाहिलीत ना? पूर्ण?"

"चौदा वेळा."

"मग सांगा ना. मी कशी होते?"

मी जीव कानात आणून ऐकत होते. साठ वर्षे ज्यासाठी ही बाई थांबली, ते एक वाक्य जगात आता एकाच माणसापाशी उरले होते.

क्लिफर्ड खुलला. "प्रत इतकी स्वच्छ होती म्हणून सांगू! एक ओरखडा नाही. काळं गडद काळं, पांढरं पांढरं शुभ्र."

"हो, पण मी?"

तो गोंधळला. आठवायचा प्रयत्न केला, तो प्रयत्न मी पाहिला. "काम... बरं होतं की. सगळ्यांचीच बरी होती. बायकोनं ते ओले टॉवेल ठेवले नसते ना, तर..."

डोरीनने कोटाची बटणे लावली. "असू दे," ती म्हणाली. "चांगलं असतं तर लक्षात राहिलं असतं." फराह तिला बसपर्यंत सोडायला गेली. क्लिफर्ड मागे बसून राहिला, रिकामा डबा परत मिळेल का ते विचारायला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा आवाज, कुणाचे चित्र डब्यात ठेवलेले असेल, तर तो डबा उघडा. गार जागी ठेवा, वास घ्या, आणि ज्याचे आहे त्याला ते जिवंतपणी दाखवा. ओरखडे पडले तर पडू द्यात. ओरखडे पडलेली म्हातारी बोलू शकते. पडद्यावरचे माझे बोलणे आता संपले आहे. पण तो अजून समोर खुर्चीवर बसला आहे, त्याला ऐकू जाईल न जाईल, मी हे मोठ्याने सांगणार आहे.

क्लिफर्ड ऍक्रॉइड, इकडे बघ. चाळीसच्या वर वर्षं मी तुझ्या छपराखाली काढली. तू मला चौदा वेळा चालवलंस आणि एकदाही बघितलं नाहीस. तुझ्या घरात मला बघणारं माणूस एकच होतं, ते ट्रे हातात घेऊन दारात उभं होतं, आणि तू त्याला चहा मागितलास.